मधल्या खोलीतला उजेड

चामराजपेटेतली जुनी घरं रस्त्यावरून दिसतात त्याहून बरीच खोल असतात. पुढे कट्टा, मग छोटा व्हरांडा, बैठकीची खोली, मग मधली खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसू. परसाच्या भिंतीपलीकडे सफाईसाठी ठेवलेला बोळ. इथले लोक त्याला अजून कन्झर्वन्सी म्हणतात. १८९२ साली चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ही वसाहत आखली गेली ती अशीच: सरळ मेन रोड, त्यांना छेदणारे क्रॉस आणि घरांच्या पाठीमागून जाणारे बोळ. पुढे शेजारच्या भिंती एकमेकींना खेटत गेल्या आणि घरांना उजेड उरला तो पुढून आणि मागून. बैठकीत दुपारी पेपर वाचता येतो. मधल्या खोलीत भर बारा वाजता ट्यूब लावावी लागते.

आणि घरातली माणसं असतात मधल्या खोलीत. देवघर तिथे, आजीचा पलंग तिथे, औषधांचा डबा तिथे, नातवाचा अभ्यासही तिथेच.

मी माणसांचे फोटो काढते. स्टुडिओत बोलावून नाही, त्यांच्या घरी, दुकानात, कामाच्या जागी जाऊन. या धंद्यात पहिली सवय लागते ती माणसाला उठवून उजेडात नेण्याची. "जरा व्हरांड्यात येता का?" "खुर्ची खिडकीशी घेऊ या का?" माणूस येतो, पण येताना स्वतःचं बरंचसं आत ठेवून येतो. स्वतःच्याच व्हरांड्यात तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर टेकतो, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेनासं होतं. मीही पुष्कळ वर्षं हेच करत आले. बॅटरीवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश हाती आल्यावर ते हळूहळू सुटलं. माणूस जिथे आहे तिथेच राहू द्यायचा आणि उजेड त्याच्यापर्यंत न्यायचा. माझ्या कामात जे काही बदललं ते एवढ्यानेच बदललं.

फोटोग्राफी मी बेळगावातल्या एका स्टुडिओत शिकले. रंगवलेला पडदा, गोल स्टूल, दोन बाजूंना दोन दिवे आणि मालकांचं ठरलेलं वाक्य: "हनुवटी खाली, नजर इकडे." मालकांना कोल्हापूरच्या जुन्या चित्रपटवाल्यांचं फार वेड. बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. जो माणूस आधी रंगवायला शिकला होता त्यालाच दिवा कुठे ठेवायचा ते कळलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या टेबलावर गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' असायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते उघडून प्रत्येक चेहऱ्याच्या डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब शोधत बसायची. बुबुळात उजेडाचा जो ठिपका पडतो, त्यावरून दिवा केवढा होता, किती उंच होता, कोणत्या अंगाला होता हे कळतं. खिडकी असेल तर चौकोन दिसतो, छत्री असेल तर गोल, तिच्या काड्यांसकट. ती सवय अजून गेलेली नाही. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्ससुद्धा मी असेच वाचत जाते.

बंगळूरला आले आणि चामराजपेटेत खोली घेतली, तेव्हा माझ्याकडे विजेवर चालणारे दोन मोठे दिवे होते. कुणाच्याही घरी गेलं की पहिलं काम प्लग शोधण्याचं. जुन्या घरांत पंधरा अँपिअरचा प्लग बहुधा एकच, तोही न्हाणीत गीझरला. तिथून एक्स्टेंशन बोर्ड ओढत मधल्या खोलीपर्यंत आणायचा, पोरांचा पाय अडकू नये म्हणून वायरवर चटई टाकायची. दोन्ही दिवे एकदम भरायला लागले की जुना फ्यूज उडायचा. मग यजमान स्टुलावर चढून फ्यूजची तार बांधणार, आणि तोवर ज्यांचा फोटो काढायचा ते वडीलधारे दमून आडवे झालेले असणार. एकदा वीज तासाभरासाठी गेली ती चार तास आली नाही. घरच्यांनी जेवायला वाढलं, पण फोटो त्या दिवशी झाला नाही, आणि ज्यांच्यासाठी बोलावलं होतं ते दुसऱ्या दिवशी गावी निघून गेले. दोष कुणाचाच नव्हता. पण भिंतीतल्या विजेवर आपलं काम किती अवलंबून आहे ते मला तेव्हा टोचलं.

फ्लॅशचं काम मुळात साठवणुकीचं आहे. बॅटरीतली वीज आतल्या कपॅसिटरमध्ये भरते, त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात; आणि बटण दाबलं की ती सगळी झेनॉन वायूच्या नळीतून एका झटक्यात, सेकंदाच्या काहीशेव्या किंवा हजाराव्या हिश्श्यात, उजेड होऊन बाहेर पडते. भरायला सवड आणि रिकामं व्हायला क्षण, म्हणून छोट्या बॅटरीलाही हे काम जमतं. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन १९३० च्या दशकात याच तंत्राने फिरत्या यंत्रांचे आणि उडत्या थेंबांचे फोटो घेत होते. बंद जागेत मात्र स्टुडिओची ताकद हवी तर पुढची कित्येक दशकं एकतर भिंतीतली वीज लागायची, नाहीतर शिशाच्या बॅटरीचा खांदा मोडणारा डबा. लिथियमच्या बॅटऱ्यांनी ते वजन उतरवलं. आज माझा मुख्य दिवा दोनशे वॉट-सेकंदांचा आहे, बॅटरीसकट किलोभराचा. त्याच्याबरोबर एक घडीचा सॉफ्टबॉक्स, एक पांढरी छत्री, एक स्टँड, रंगीत जिलेटिनचे तुकडे आणि स्टँड पडू नये म्हणून वाळूची पिशवी. हे सगळं एका रिक्षात मावतं आणि जिना चढताना एका हाताला कठडा धरता येतो. विमानाने मुंबईला काम असलं तर बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. सामानात टाकू देत नाहीत, आणि शंभर वॉट-तासांच्या आतली असली की सहसा कुणी अडवत नाही.

दिवा हलका झाला म्हणून फोटो लगेच बदलले नाहीत. जे बदललं ते एका शिंपीकाकांकडे.

बंगळूरच्या जुन्या पेठांत आणि चामराजपेट, गवीपूरम या भागांत मराठी बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १६३८ च्या स्वारीनंतर शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली, तेव्हापासून मराठी माणसं इथे येत राहिली. नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची घरं कापडाच्या, शिवणाच्या, रंगाईच्या धंद्यात स्थिरावली. हे काका त्यांच्यातलेच. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, मशीन मात्र आतल्या दाराशी, कारण रस्त्याची धूळ कापडावर बसते. मशीनच्या मानेला छोटा पिवळा बल्ब, डोक्यावर ट्यूब. मी सवयीने विचारलं, "काका, बाहेर कट्ट्यावर येता का जरा?" मान वर न करता ते म्हणाले, "मशीन सोडून मला कोण ओळखणार? इथंच काढा."

तेव्हापासून मी कोणत्याही जागी पहिला फोटो फ्लॅशशिवाय काढते. त्या खोलीत आधीच कोणता उजेड आहे, तो कुठून येतो, कोणत्या रंगाचा आहे, हे त्या एका फोटोत दिसतं. काकांकडे दिसलं ते असं: ट्यूब सगळ्यावर सारखाच हिरवट उजेड पसरून खोली सपाट करत होती आणि बल्ब बिचारा आपल्या वीतभर जागेत खरं काम करत होता. ट्यूब बंद करायला सांगितली. खोली काळोखली, पण आता बल्बचा उजेड सुईवर, कापडावर, काकांच्या बोटांवर स्पष्ट दिसू लागला. कॅमेरा असा ठेवला की तेवढाच उजेड फोटोत उतरेल, तोही जरा दबलेला. मग माझा दिवा त्याच बाजूने, बल्बच्या वरून लावला, पुढे नारिंगी जिलेटिन, म्हणजे दोन्हींचा रंग जुळावा. फ्लॅशची ताकद अगदी थोडी.

इथे शटर आणि अ‍ॅपर्चरची विभागणी कामाला येते. शटर सावकाश केलं की बल्बचा उजेड फोटोत वाढतो. फ्लॅशचा वाढत नाही, कारण फ्लॅश शटर पूर्ण उघडं असतानाच येऊन गेलेला असतो. अ‍ॅपर्चर बदललं तर दोन्ही बदलतात. म्हणजे खोलीचा उजेड आणि माझा उजेड हे दोन वेगवेगळे नळ आहेत आणि ते वेगवेगळे सोडता येतात. स्टुडिओत हे कधी नीट कळलं नव्हतं, कारण तिथे खोलीचा उजेड नसतोच.

एक अडचण राहिली. काका खाली वाकून शिवतात, दिवा वरून, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत होत्या. समोरून दुसरा दिवा लावला असता तर बल्बचं सगळं सुख गेलं असतं. मशीनवर त्या वेळी शाळेच्या युनिफॉर्मचं गडद निळं कापड होतं. "काका, आज पांढरं काही शिवायचं आहे का?" असं विचारलं. त्यांनी कारण न विचारता निळं कापड बाजूला सारलं आणि अस्तराचं पांढरं घेतलं. त्या पांढऱ्यावरून उजेड उलटून चेहऱ्यावर खालून आला आणि चष्म्यामागचे डोळे उघडले. मग मी नुसती उभी राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी ते मला विसरले. दोरा सुईत घालताना त्यांनी टोक ओठांनी ओलं केलं, बोटांत चपटं केलं आणि एक डोळा किलकिला करून सुईच्या नेढ्याकडे पाहिलं. तो फोटो व्हरांड्यात मिळाला नसता. व्हरांड्यात काका असते, पण हा डोळा तिथे नसता.

रंगाबद्दल बोलायलाच हवं, कारण या कामात सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो. चैत्रात रामनवमीच्या सुमारास इथलं फोर्ट हायस्कूलचं मैदान मांडवाने भरतं. श्री रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव इथे १९३९ पासून चालत आला आहे. कर्नाटक संगीतातली मोठी माणसं या मांडवात गाऊन-वाजवून गेली आहेत. मैफलीत फ्लॅश मारणं मला असभ्य वाटतं. पण त्याच दिवसांत एका मृदंग वाजवणाऱ्यांचा फोटो मांडवामागे, मैफलीच्या आधी काढायला मिळाला. ते डाव्या तोंडाला भिजवलेला रवा लावत बसले होते. बोटांनी तो थापायचा, थोडा पसरायचा, अंगठ्याने कड दाबायची, मग तळव्याने एक घुमारा काढून ऐकायचा. पुन्हा चिमूटभर लावायचा. वर्ण गडद, कपाळावर विभूती, खांद्यावर पांढरं अंगवस्त्र.

बेळगावच्या स्टुडिओत सावळ्या माणसाला सरसकट जास्त उजेड द्यायची रीत होती, आणि रिटचिंगमध्ये आणखी उजळायची. ही रीत नुसती आमची नव्हती. अमेरिकेत कोडॅकच्या रंगीत प्रिंट जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जी कार्डं जात, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा फोटो असे; त्यांना शर्ली कार्ड म्हणत. रंग तिच्या कातडीला जुळले की बरोबर, असा हिशोब. बाकी जगाने त्यात आपापले चेहरे बसवून घ्यायचे. कातडी गडद असली तर जास्त उजेड ओतून काही साधत नाही, ती राखाडी दिसते. गडद कातडीचा आकार तिच्यावरच्या चमकेतून कळतो, म्हणून उजेडाचा उगम मोठा हवा आणि तो बाजूने हवा. मांडवाचं पांढरं कापड माझ्या डाव्या हाताला होतं. दिवा त्यांच्याकडे न वळवता कापडाकडे वळवला. चौदा-पंधरा फूट कापड एकदम उजळलं आणि त्यांच्या कपाळावरून, गालाच्या हाडावरून, खांद्याच्या गोलाईवरून उजेडाची रुंद, मऊ पट्टी उतरली. विभूती पांढरी राहिली, वर्ण त्यांचाच राहिला.

"जरा गोरं करून द्या" ही मागणी मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते, आणि ती बहुतेक वेळा मुलीच्या आईची असते. मी गोरं करत नाही. भांडतही नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नीट उजेडातला फोटो दाखवते आणि थांबते. बऱ्याचदा मुलगीच आधी म्हणते, "असाच राहू दे." काही गिऱ्हाइकं गेली, त्याला इलाज नाही. एखाद्याच्या घरात त्याच्याच पोरीचा रंग चुकीचा आहे असं माझ्या दिव्याने सांगावं, हे मला कधीच पटणार नाही.

मोठ्या कुटुंबांचे फोटो वेगळं शिकवतात. सहस्रचंद्रदर्शनाच्या एका सोहळ्यात चार पिढ्या एका रांगेत बसवायच्या होत्या. सॉफ्टबॉक्स जवळ ठेवला तर उजेड मऊ, पण टोकाचे जावई अंधारात. कारण अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. दिवा जवळच्या माणसापासून एक मीटर आणि लांबच्यापासून दोन मीटर असेल तर लांबच्याला पाव उजेड मिळतो. तोच दिवा आणखी तीन मीटर मागे नेला की ही अंतरं चार आणि पाच होतात, आणि लांबच्याला जवळच्याच्या जवळपास दोन तृतीयांश मिळतो. एकट्याच्या फोटोत हेच गणित उलट वापरायचं: दिवा चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला की मागची भिंत आपोआप विझते. भिंतीवर पंचांग, टीव्हीची वायर, कुलर असं काहीही असो, कुणाला काही हलवायला सांगावं लागत नाही. परक्याच्या घरात सामान हलवायला न लावणं ही मोठी गोष्ट आहे.

त्या दिवशी रांगेचा फोटो झाला, जेवणं झाली, आणि आजी मधल्या खोलीत पलंगावर जाऊन बसल्या. मी सामान आवरत होते. त्यांनी हाक मारली. "देवाजवळ माझा एकटीचा एक काढ. नंतर लागेल."

नंतर म्हणजे कधी, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. सून म्हणाली, "काहीतरीच काय आई." मी सुनेकडे पाहिलं नाही. बेळगावला असताना रात्री-अपरात्री लोक ग्रुप फोटो घेऊन यायचे, त्यातला एक चेहरा मोठा करून द्या म्हणायचे. उद्या हार घालायचाय. कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी खांद्यामागून अर्धवट दिसणारा, डोळे मिटू घातलेला चेहरा. एवढं आयुष्य जगलेल्या माणसाचा शेवटचा फोटो तो. आजींनी त्यावर स्वतःच तोडगा काढला होता.

देवघरात समई होती. शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यापर्यंत सावकाश केलं, समईच्या ज्योतीचा उजेड फोटोत यावा म्हणून. आजींना म्हटलं, श्वास घ्या, फक्त हलू नका. दिवा समईच्या अंगाने, पण उंच, नारिंगी जिलेटिन लावून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड त्यांना सोसत नव्हता, म्हणून ताकद सगळ्यात कमी आणि कॅमेऱ्याची आयएसओ वाढवलेली. चष्म्याच्या काचांत सॉफ्टबॉक्स दिसत होता. त्यावर दिवा आणखी वर घेतला आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून चिमूटभर उचलल्या, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब पायाकडे जातं. सुनेने सोहळ्याची नथ घालू का विचारलं. आजी म्हणाल्या, "रोजची चमकी असू दे." पदर त्यांनी स्वतः सावरला. तीन-चार फोटो काढले, तेवढ्यात त्या दमल्या.

दोनेक वर्षांनी तो फोटो त्यांनी सांगितलेल्या कामी आला. तेव्हापासून कोणत्याही घरी गेले की वडीलधाऱ्यांचा एकेकटा फोटो मी न सांगता काढते, त्यांच्या नेहमीच्या जागी, आणि त्याचे पैसे बिलात धरत नाही. कारण सांगत नाही. बहुतेकांना ते कळतं.

कुठे दिवा लावायचा नाही, हे शिकायलाही वेळ लागला. चामराजपेटेतून पायी गेलं तर के. आर. मार्केट जवळच. बंगळूरमध्ये विजेचे रस्त्यावरचे दिवे पहिल्यांदा लागल्याचा मान या मार्केटच्या परिसराकडे जातो, साल १९०५. वीज आली शिवनसमुद्रच्या केंद्रातून, जे १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवायला सुरू झालं होतं. आज तिथल्या फुलबाजारात पहाटे चारला उभं राहिलं की शेवंतीच्या, झेंडूच्या, जाई-मोगऱ्याच्या ढिगाऱ्यांवर उघडे बल्ब लोंबत असतात. तिथे स्टँड लावणं म्हणजे हमालांच्या वाटेत अडणं. डोक्यावर पन्नास किलोचं ओझं घेतलेल्या माणसाने माझ्या वाळूच्या पिशवीला वळसा का घालावा? मार्केटमध्ये मी स्टँड नेत नाही. दिवा सहायिकेच्या हातात, तोही आधी ओळख झाली असेल तरच.

एक फूलवाल्या अक्का कोपरापासून बोटांपर्यंत माळ मोजून मोळाने विकतात. मोजताना हात पुढे येतो आणि मोगरा दिव्याच्या जवळ जातो. त्यामुळे फुलं पांढरी फटक, नुसता कागद, आणि चेहरा मात्र बरोबर. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि कानडीत म्हणाल्या, माझी फुलं कुठे दिसतात यात? दिवा चेहऱ्यावर न रोखता अक्कांच्या डोक्यावरून पलीकडे वळवायला सांगितला, म्हणजे फुलांवर आणि चेहऱ्यावर उजेडाची नुसती कड येते. कडेचा उजेड कमी आणि जास्त मऊ असतो. मग मोगऱ्याची एकेक कळी सुटी दिसली, चेहराही राहिला. त्यांनी तेव्हा फोटो मान्य केला. विकणाऱ्याला आपला माल नीट दिसला पाहिजे, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

दुपारच्या उन्हाशी मी फारशी झगडत नाही. आयएसओ शंभर आणि शटर सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यावर ठेवलं तर भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ तेराच्या आसपास जातं. तेवढ्या उन्हाला सॉफ्टबॉक्समधून तोंड द्यायला दोनशे वॉट-सेकंद अपुरे पडतात. हाय-स्पीड सिंक आहे, पण त्यात फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते. त्यापेक्षा माणसाला पर्जन्यवृक्षाच्या सावलीत घ्यायचं आणि दिवा उन्हाच्याच दिशेने हलका लावायचा. अर्धा तास वाट पाहता येत असेल तर ढग येतो. बंगळूरला ढगाची वाट पाहणं परवडतं. कंपन्यांची कामं येतात, काचेच्या ऑफिसांत, माझं घरभाडं त्यांच्यावरच निघतं. तिथे दर काचेत आपला दिवा दिसतो, तो चुकवत बसायचं, बाकी काही नाही.

सध्या माझ्याबरोबर काम करणारी मुलगी एलईडीच्या बाजूची आहे. तिचं म्हणणं रास्त आहे: एलईडी सतत पेटलेला असतो, उजेड कुठे पडतोय ते डोळ्यांना आधीच दिसतं, समोरच्यालाही फटका बसत नाही, आणि त्याच दिव्यावर व्हिडिओही होतो. माझं म्हणणं डोळ्यांचं आहे. अंधाऱ्या मधल्या खोलीत फ्लॅश वापरला तर बाहुल्या मोठ्या, उघड्या राहतात, कारण फ्लॅश येऊन गेल्यावर त्या आकसायच्या. फोटो तोवर झालेला असतो. एलईडी लावला की खोली उजळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि म्हातारी माणसं डोळे बारीक करतात. शिवाय समईची आणि बल्बची ती दबलेली सोय उरत नाही, एलईडी सगळं गिळतो. तिने यावर कमी ताकदीचा, मोठ्या कापडामागचा एलईडी सुचवला आहे. पुढच्या रविवारी चौथ्या मेनवरच्या एका घरी निवृत्त शिक्षकांचा फोटो आहे, मधल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटासमोर. दोन्ही दिवे नेणार आहोत. आधी तिचा लावू.